वाऱ्याचा डाग

१

रविवारी सकाळी साडेअकराला आर्लिस कुडर्नांचा फोन आला. मी नुकतीच चर्चमधून आले होते आणि बटाटे सोलायला घेतले होते.

"व्हेल्डा, चोरी झालीय."

"किती वासरं गेली?"

"वासरं नाहीत. फुलं."

मी सुरी खाली ठेवली. आर्लिस एक्याऐंशी वर्षांच्या, पण डोकं माझ्यापेक्षा ताळ्यावर. उगाच फोन करणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

"खड्ड्यातली? सगळी?"

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. शेरीफला फोन केला तर मेला हसला. म्हणाला, 'गाय शिरली असेल, आर्लिस.' गाय काय मुळासकट उपटून घरी नेऊन कुंडीत लावते? सव्वीस वर्षं तू लोकांची चोरीला गेलेली गुरं शोधतेयस. ही माझी त्रेचाळीस वासरं समज आणि ये."

मी डागतपासनीस आहे. आमच्या सँडहिल्समध्ये, म्हणजे या वाळूच्या टेकड्यांत, गुरं कुठेही जायची, विकायची म्हटली की त्यांच्या अंगावर तापल्या लोखंडानं दिलेला मालकाचा डाग मी तपासायचा, तो कुणाचा ते सांगायचं. फुलांना डाग नसतो. तरी मी बटाटे तसेच पाण्यात सोडून पिकअप काढली, कारण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्या फुलांवरून एक निकाल लागायचा होता.

पश्चिमेकडून विजेची मोठी लाईन येत होती. सरळ आली असती तर आर्लिसच्या उत्तरेच्या टेकडीवरून, त्या खड्ड्यातूनच जाणार होती. पण ते फूल जगात इतकं थोडं उरलंय की ते जिथे उभं दिसेल तिथे कायद्यानं मनोरा रोवता येत नाही. मग लाईन वळून शेजारच्या गेलन रासमुसेनच्या जमिनीतून गेली असती. सोमवारी राज्याचा अधिकारी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी फूल बघणार होता. आणि रविवारी फूल नव्हतं.

२

आमच्या टेकड्या म्हणजे गवताचं कातडं पांघरलेली वाळू. कातडं कुठे फाटलं की वारा आतली वाळू उपसत सुटतो आणि टेकडीच्या कुशीत भलीमोठी वाटी कोरतो. आम्ही त्याला वाऱ्याचा खड्डा म्हणतो. गुरं पाळणाऱ्याला तो डोळ्यांत खुपतो. तिथे चारा उगवत नाही. पण हे फूल असं चमत्कारिक, की ते तिथेच उगवतं. गवत चढलं की मरतं. वीतभर उंच, फिकट निळं-जांभळं, पानं जाड आणि मेण लावल्यासारखी. आणि वास असा, की खड्ड्याच्या काठावर पोचायच्या आधीच तो गोड वास नाकात शिरतो.

त्या दिवशी वास नव्हता.

आर्लिस काठावर काठी टेकून उभ्या होत्या. खाली त्रेचाळीस भोकं. काही निम्मी बुजलेली, पण एकही पूर्ण मिटलेलं नव्हतं. मी उतरून एका भोकाच्या काठाला बोट लावलं. काठ पापडासारखा कडक होता, बोटानं तुकडा मोडला. बाजूची वाळू मात्र पिठासारखी भुरभुरीत. तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नव्हता.

"पावलं?" मी विचारलं.

"माझी, आणि आता तुझी. मी आले तेव्हा एकही नव्हतं."

मी उकिडवी बसून विचार केला. आदल्या दिवशी, शनिवारी, आर्लिसकडे वासरांची डागणी होती. सगळा शेजार सातलाच हजर. बारापर्यंत वारा म्हणून नव्हता. जेवणं होत आली तेव्हा, एकच्या सुमाराला, वायव्येकडून असा सुटला की कागदी ताटल्या उडून कुंपणाला चिकटल्या. तो संध्याकाळपर्यंत घोंगावत होता. त्यानंतर पानही हललं नव्हतं.

म्हणजे चोर वाऱ्यानंतर आला असता तर त्याची पावलं उमटून राहिली असती. पावलं नाहीत, म्हणजे तो वाऱ्याच्या आधी आला. आणि शुक्रवारी संध्याकाळी तर फुलं मोजलेली होती, रात्री त्या टेकडीवर दिवा हलला असता तर आर्लिसच्या घरून दिसला असता.

"आर्लिस, हे शनिवारी सकाळी झालंय. आपण सगळे गोठ्याशी वासरं धरत होतो तेव्हा."

"म्हणजे माझ्या ताटात जेवलेल्यांपैकीच कुणीतरी." त्यांनी काठी वाळूत खुपसली. "कोण ते मला ठाऊक आहे. आणि मी त्याला तासाभरापूर्वी घरातून जायला सांगितलंय."

३

ड्वेन त्यांचा पुतण्या. चाळिशीचा, अंगानं आडवा, बोलायला फटकळ. काका गेल्यापासून बारा वर्षं रँच तोच बघत होता आणि अंगणापलीकडच्या लहान घरात राहत होता. मी गेले तेव्हा तो पिकअपमध्ये गादी कोंबत होता.

"या, व्हेल्डा. डाग तपासायला आलात? घ्या, पाठ दाखवतो."

"तोंड सांभाळ. काकूंना असं का वाटतं ते सांग."

"कारण मला लाईन हवीय. हवीच आहे, लपवलंय कधी? त्या खड्ड्यानं दर वर्षी हातभर टेकडी खाल्लीय. मागे मी त्यात जुने टायर टाकले होते वाळू अडवायला, तेव्हा काकूंनी ते काढायला लावले आणि सहा महिने माझ्याशी अबोला धरला. काल दुपारी गोठ्यामागे पडलेले तेच टायर कचऱ्यात टाकायला नेले, तर आज म्हणतात, टायरखाली फुलं लपवून नेलीस."

"आणि काल जेवताना म्हणालास, खड्डा बुजवेल त्याला मी गाय बक्षीस देईन."

"थट्टा होती!" त्यानं गादीला गुडघा मारला. "फुलं मारायचीच असती तर मी दहा गाई आत सोडल्या असत्या. अर्ध्या तासात काम. वर कुणी मला बोललंही नसतं."

त्याच्या त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. भोकांचा कडक काठ. सुकी वाळू खणली की भोक धरत नाही, आपल्या आपण ढासळतं. चोरानं आधी पाणी ओतलं होतं, वाळू घट्ट केली होती आणि मग मुळं मातीसकट उचलली होती. ज्याला मारायचं असतं तो पाणी घालत नाही.

शिवाय ड्वेन शनिवारी सातपासून बारापर्यंत माझ्यासमोर डाग द्यायची तापलेली लोखंडी डागणी हातात घेऊन उभा होता. मी हे सगळं आर्लिसना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ओठ घट्टच.

"स्वतः नसेल केलं. कुणाकडून करवलं असेल."

"आर्लिस, पुरावा..."

"बारा वर्षं तो त्या फुलांकडे कसा बघतो ते मी पाहिलंय. तुझा पुरावा तुझ्यापाशी."

खिडकीतून ड्वेनची पिकअप फाटकाबाहेर पडताना दिसली. त्यानं फाटक लावून घेतलं, कडी नीट अडकवली आणि गेला. मागं वळून बघितलं नाही. आर्लिसनीही बघितलं नाही, पण हातातला पेला त्यांनी तीन वेळा पुसला.

४

फुलं जिवंत हवी असणारं माणूस एकच होतं असं मला तेव्हा वाटलं. विद्यापीठातली मारिसा टेयेझ. तिशीची, उन्हानं रापलेली, चार उन्हाळे त्या खड्ड्यात रांगत काढलेली. शुक्रवारची मोजणी तिचीच. शनिवारी ती वासरांना लसीच्या सुया टोचायला मदत करत होती आणि दहाच्या सुमाराला तासभर दिसली नव्हती.

गावातल्या मोटेलबाहेर ती व्हॅन आवरत होती. मी दार सरकवलं आणि थबकले. तोच गोड वास.

"मारिसा, हे काय आहे?"

ती पांढरीफटक पडली. "मी नाही नेली ती झाडं."

"मग वास माझ्या नाकानं घरून आणलाय का?"

तिनं आसनाखालून जाड पुठ्ठ्यांची एक चळत काढली. मधल्या कागदात फुलांचे तीन दांडे दाबून ठेवलेले. परवानगी एकाचीच होती, ती हळूच म्हणाली. शुक्रवारी मोह आवरला नाही. तीन कापले.

"पण मुळं नाहीत, बघा ना! मी ती झाडं उपटीन? फुलोऱ्यात उपटलं तर दहांतली आठ मरतात. हे मला ठाऊक आहे म्हणून तर..." तिला रडू फुटलं.

"शनिवारी तासभर कुठे होतीस?"

"दक्षिणेच्या टेकडीवर. आईला फोन लावत होते. सिग्नल तिथेच येतो, तुम्हालाही माहितेय."

ते खरंच होतं. आणि दांड्यांचे कापलेले बुडखे स्वच्छ, सुरीनं कापलेले. मी वास घेत उभी राहिले, आणि त्या वासानं मला शनिवारच्या जेवणाची आठवण करून दिली. टेबलांवर भाजलेलं मांस, उसळ, आर्लिसच्या हातचे कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव. गोड पदार्थ सगळे एका बाजूला. आणि मधमाश्या मात्र दुसरीकडेच, दूर उभ्या असलेल्या एका गाडीच्या ताडपत्रीभोवती. कुणीतरी विचारलंही होतं आणि गाडीचा मालक हसून म्हणाला होता, "सरबत सांडलं रे माझ्याकडून."

ती गाडी कुणाची ते आठवलं, आणि ते खोटं असावं असं मला वाटायला लागलं. तो माणूस चाळीस वर्षांपासूनचा माझा मित्र होता.

५

सोमवारी दहाला अधिकारी आला. टर्पिन नावाचा किडकिडीत गृहस्थ, सोबत लाईनवाल्यांचा माणूस. आर्लिसनी त्याला भोकं दाखवली. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"मिसेस कुडर्ना, तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण मला उभं फूल दिसलं तरच लिहिता येतं."

तेवढ्यात गेलन रासमुसेन आला. सदुसष्ट वर्षांचा, उंच, नेहमीसारखा इस्त्रीचा सदरा. बायको गेल्यापासून इस्त्री तो स्वतःच करायचा.

"आर्लिस, ऐकून वाईट वाटलं," तो म्हणाला. मग टर्पिनकडे वळून, बुटांकडे बघत म्हणाला, "साहेब, आलाच आहात तर माझ्याकडेही या. माझ्या दक्षिणेच्या खड्ड्यात काहीतरी उगवलंय. मला वाटतं तेच फूल असावं."

मारिसाही आली होती, ती जवळजवळ किंचाळलीच. त्या फुलाची नवी वस्ती सापडली तर सगळ्या देशात बातमी झाली असती. आम्ही तीन गाड्यांतून निघालो.

आणि खरंच, गेलनच्या खड्ड्यात निळी-जांभळी फुलं उभी होती. थोडी मलूल, पण वास तोच. टर्पिननं वही काढली. लाईनवाला म्हणाला, "झालं तर मग. इकडून नाही जायची. सरळ, मिसेस कुडर्नांच्या टेकडीवरूनच."

मारिसा एव्हाना गुडघ्यांवर होती, मोजत होती. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"एकेचाळीस, बेचाळीस..." ती थांबली. पुढचा आकडा तिनं उच्चारला नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

६

"टर्पिनसाहेब, वही पाच मिनिटं मिटा," मी म्हटलं. "मारिसा, तू वर जा. गेलन, तू माझ्याबरोबर ये."

आम्ही खड्ड्याच्या तळाशी गेलो. बाकीचे काठावर राहिले.

"काय गं, एवढं काय गुपित?" गेलन म्हणाला. हसायचा प्रयत्न होता.

"तुझी गुरं बघतेय. चांगली दिसतात. पण कळपात वासरू एकही नाही."

"म्हणजे?"

"एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या कळपात म्हातारी असतात, मधली असतात, तान्ही असतात. आर्लिसच्या खड्ड्यात गेल्या वर्षीचे वाळलेले दांडे उभे आहेत. इथे वाळलेला दांडा नाही, बोटाएवढं रोप नाही. सगळी भर वयातली, सगळी फुललेली. अशी गुरं मी फक्त बाजारातून उतरताना बघते."

गेलननं एका झाडाभोवतीची वाळू बुटानं सारखी केली.

"आता ही पानं बघ." मी एक पान उचललं. एक बाजू निळसर, मेणचट. दुसरी घासून हिरवी पडलेली, खरखरीत. "वाळू मारतो ना वारा, तो एका बाजूचं मेण खरवडतो. इथला वारा कुठून येतो?"

"वायव्येकडून," तो पुटपुटला.

"आर्लिसकडेही वायव्येकडूनच. मग सगळ्या झाडांची खरवडलेली बाजू वायव्येला पाहिजे. हे बघ, याची दक्षिणेला. त्याची पूर्वेला. ते तिसरं तर पार उलटं. प्रत्येकाच्या अंगावर वाऱ्यानं डाग दिलाय गेलन, आणि तू लावताना कुठलं तोंड कुठे ते बघितलं नाहीस."

त्यानं माझ्या हातातलं पान घेतलं, अंगठा त्यावरून फिरवला.

"शनिवारी तू आग विझवायची गाडी घेऊन आलास. सुकं गवत, कुणाला वावगं वाटलं नाही. दहाला म्हणालास, टाकी भरायला पवनचक्कीवर जातो. पण ड्वेन गॅसवर डागण्या तापवत होता. सकाळपासून ठिणगीसुद्धा पडली नव्हती. भरलेली टाकी रिकामी कशी झाली? बारा वाजता परत आलास आणि ताडपत्रीवर मधमाश्या बसल्या. आणि रविवारी चर्चमध्ये तू नव्हतास. पहाटे लावलीस ना ही?"

त्यानं पान वाळूवर ठेवलं. मग टेकडीच्या माथ्याकडे हनुवटी उचलली. तिथे लोखंडी कुंपणात चार दगड होते. त्यांतला एक नवा, त्याच्या बायकोचा, नेडीनचा.

"मनोरा तिथून तीस पावलांवर येणार होता," तो म्हणाला. "मी ते नकाशात बघितलं. त्या तारा गुणगुणतात, व्हेल्डा, रात्रंदिवस. नेडीनला शेवटी शेवटी आवाज सहन होत नव्हता. भांडं वाजलं तरी दचकायची. आणि तिच्या डोक्यावर हे? जन्मभर?"

"म्हणून आर्लिसच्या डोक्यावर?"

"ड्वेनला तर हवीच होती लाईन! मला वाटलं, कुणाचं काही बिघडत नाही."

"ड्वेन काल घर सोडून गेला. काकूंनी हाकललं त्याला. तुझ्या चोरीपायी."

हे त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी चोर बघत आलेय. कुणाचा चेहरा खोटा आणि कुणाचा खरा ते मला कळतं. गेलन तिथेच वाळूत बसला.

"मी सांगू की तू सांगतोस?" मी विचारलं.

त्याला उठायला वेळ लागला. पण तो चढून वर गेला आणि सगळ्यांसमोर, आर्लिसच्या पुढ्यात उभं राहून, त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. टोपी हातात धरून.

७

आर्लिस काठी मारतील असं मला क्षणभर वाटलं.

"नेडीन माझी मैत्रीण होती," त्या म्हणाल्या. "तिच्या शेवटच्या हिवाळ्यात तिला वाचून दाखवायला मंगळवारी मंगळवारी कोण यायचं?"

"तुम्ही."

"मग तोंड होतं ना तुला? फाटकाशी येऊन म्हणायचंस, आर्लिस, नेडीनच्या थडग्याजवळ मनोरा येतोय, काय करू. मी काय दगड आहे?"



आर्लिस लाईनवाल्याकडे वळल्या. रस्त्याकडेचं त्यांचं गवताचं कुरण कंपनीनं सुरुवातीलाच मागितलं होतं आणि त्यांनी ठाम नकार दिला होता. सगळ्या रँचमधलं उत्तम गवत ते. "तिकडून न्या," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या कडेकडेनं. ना खड्डा, ना थडगं. कागद आणा, सही करते. माझा विचार बदलायच्या आत आणा."

फुलं परत हलवायला मारिसानं मनाई केली. आणखी एकदा उपटली असती तर एकही जगलं नसतं. झाडं तिथेच राहिली, आणि गेलन महिनाभर रोज सकाळी झारी घेऊन खड्ड्यात उतरायचा. टर्पिननं त्याच्यावर खटला भरला. गेलननं गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली, वकील लावला नाही. त्रेचाळीसांतली नऊ झाडं जगली. आर्लिसच्या खड्ड्यात मात्र मारिसाला वाळूखाली दडलेली सतरा इवलीशी रोपं सापडली. फुलं नव्हती म्हणून चोराला ती दिसलीच नव्हती. त्या तीन दांड्यांचं तिनं टर्पिनला स्वतःहून सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

लोक मला म्हणतात, व्हेल्डा, काय डोकं लढवलंस! मला त्याचं फारसं कौतुक वाटत नाही, कारण माझ्या डोक्यानं ड्वेन परत आला नाही.

त्या सोमवारी संध्याकाळीच आर्लिसनी त्याला फोन केला. त्यानं उचलला नाही. तो साठ मैलांवर एका गुरांच्या वाड्यावर कामाला लागला होता. आठवड्यानं आर्लिस मला म्हणाल्या, "गाडी काढ." एरवी त्या गावाच्या पुढे जात नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा तो चाऱ्याचं यंत्र पुसत होता. काकूंना बघून त्यानं फडकं खाली ठेवलं नाही.

"चुकले मी," आर्लिस म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे शब्द ऐकले नव्हते.

"तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत, काकू. 'ड्वेन, तू केलंस का?' एवढंच. मी नाही म्हटलं असतं. मग हवं तर विश्वास ठेवला नसतात. पण विचारायचं तरी."

"हो."

"बारा वर्षं."

"हो," त्या पुन्हा म्हणाल्या. बाजू मांडली नाही, रडल्या नाहीत. ड्वेन पुन्हा यंत्र पुसू लागला, आणि आम्ही साठ मैल परत आलो.

जुलैत गवतकापणी सुरू झाली. आर्लिसचं कुरण तसंच उभं, वाळत चाललेलं. शेजाऱ्यांनी मदत देऊ केली, गेलननंही. त्यांनी सगळ्यांना नको म्हटलं. मग एका मंगळवारी मी काही कागद द्यायला गेले तर कुरणातून यंत्राचा आवाज येत होता. ड्वेन होता. सकाळी सहाला आला, आर्लिसनी सांगितलं, घराकडे बघितलंही नाही, सरळ यंत्रावर चढला.

"आत बोलावलंत का?"

"नाही येणार तो. अजून नाही."

दुपारी त्यांनी टोपली भरली आणि काठी टेकत, कापलेल्या गवतातून, उन्हात, एकट्याच निघाल्या. मी हात द्यायला गेले तर झिडकारलं. कुरणाच्या मधोमध यंत्र थांबलं. ड्वेन उतरला. त्यानं टोपली घेतली आणि चाकाच्या सावलीत बसला. आर्लिस उभ्याच होत्या. थोड्या वेळानं त्यानं सकाळी घातलेलं आपलं जाकीट शेजारच्या गवतावर पसरलं आणि थोडासा सरकला.